गाडीवर कोण होतं?

अपघाताची खबर घेऊन कुणी आमच्या ऑफिसात आलं की बाकीचे विचारायचे, लागलं किती, शुद्धीवर आहे का. मी विचारायची, गाडीवर कोण होतं? समोरच्याला वाटायचं, काय दगडाची बाई आहे ही. पण त्या एका प्रश्नावर माझा संसार चालला. आणि खरं सांगू, सुरतेत एवढी वर्षं काढून त्याचं सरळ उत्तर मला फार थोड्या वेळा मिळालं.

मी शिरपूरकडची. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं रस्त्यावर आणि कोर्टाच्या व्हरांड्यात शिकले. नवरा पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये कामाला होता. आमच्या चाळीतल्या एकाला टेम्पोनं उडवलं, तेव्हा त्याच्या बायकोसोबत मी वकिलाकडे गेले. ती अहिराणीत रडत होती, वकीलसाहेब गुजरातीत विचारत होते, आणि मी मधे बसून दोन्हीकडचं सांगत होते. निघताना साहेब म्हणाले, "सुमनबेन, उद्या पण या." ती उद्या पुष्कळ वर्षं चालली.

देसाईसाहेब फक्त मोटार अपघाताचे दावे लढवायचे. माणूस शांत, पण पक्का वहमी. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "आधी आपल्या पार्टीवर संशय घ्यायचा. समोरचा वकील घेईल त्याच्या आत." मग काय, मी संशयाच्याच नोकरीला लागले म्हणा. घरी नवरा म्हणायचा, भाजीवाल्याला तरी सोड.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून जरा समजावून सांगते. सुरतेत कापड एका जागी तयार होत नाही. लूमच्या कारखान्यात विणलेलं कोरं कापड टेम्पोत घालून पांडेसऱ्याला डाईंग मिलमध्ये जातं, रंगून छापून पुन्हा टेम्पोत बसतं आणि मार्केटात जातं. कापडाचे ताके वाहणारे हे टेम्पो दिवसभर पळत असतात. ड्रायव्हरला फेरीमागे पैसे, म्हणून घाई. अशा टेम्पोनं कुणाला चिरडलं तर भरपाईसाठी तिघांना धरता येतं: चालवणारा, गाडीचा मालक आणि विमा कंपनी. चालवणाऱ्याचा खिसा रिकामा. मालकाचा भरलेला, पण तो हात वर करतो. ड्रायव्हर माझा नाही म्हणतो, गाडी न विचारता नेली म्हणतो, नाहीतर गाडी मी कधीच विकली म्हणतो. राहिली विमा कंपनी. ती देते, पण तिचाही पहिला प्रश्न माझाच असतो. गाडीवर कोण होतं, आणि त्याच्याकडे लायसन होतं का? नसलं की ती अंग काढायला बघते. म्हणून शेठ लोकांनी एक रीतच पाडली होती. अपघात झाला की खरा माणूस पळवायचा आणि लायसनवाला दुसरा पोलीस चौकीत उभा करायचा.

आमच्याकडे येणाऱ्याला मी तोंडपाठ सांगायची. टेम्पो हलायच्या आत नंबर लिहून घ्या. चौकीत जबाब आपला आपण द्या, शेठच्या माणसाला मधे बोलू देऊ नका. दवाखान्याची फाटकी चिठ्ठीसुद्धा जपा. आणि शेठ फळांची पिशवी घेऊन भेटायला आला तर फळं खा, सही करू नका.

शेठ लोकांच्या थापा तरी काय एकेक. पर्वत पाटियाकडचा एक जण शपथेवर सांगत होता की त्याचा टेम्पो महिन्यापासून बंद पडून शेडमध्ये उभा आहे, मग अपघात होईल कसा? मी शेडमध्ये जाऊन पाहिलं. टायरात हवा नव्हती, वर धूळ पसरलेली, सगळं जिथल्या तिथं. पुढे बंपरला लिंबू-मिरची बांधलेली होती, आणि लिंबू असं टवटवीत की पिळून सरबत करावं. बंद गाडीची दर शनिवारी दृष्ट कोण काढतं हो? शेठला विचारलं तर म्हणाला, आमचे घरवाले फार धार्मिक आहेत.

पण ती हसायची गोष्ट झाली. हिरामणची तशी नव्हती.

सुरतेत चौऱ्याण्णवला प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. प्लेगात गावाकडे पळालेली माणसं परत येऊन पुन्हा लूमवर उभी राहिली होती. हिरामण त्यातलाच, अमळनेरकडचा, जेमतेम पंचविशीचा. पांडेसऱ्यात एका खोलीत तो आणि त्याची बायको सुनंदा राहायचे, शेजारच्या खोलीत त्याचा मोठा भाऊ गोकुळ. गोकुळची बायको गावाकडे, म्हणून तो जेवायला यांच्याकडेच. गोकुळ एका शेठच्या टेम्पोवर ताके चढवायचं-उतरवायचं काम करायचा. त्याच टेम्पोनं हिरामणला उडवलं. दुपारच्या सुट्टीत तो सायकलवरून फाटकाबाहेर आला होता, बायको डबा घेऊन उभी होती तिकडे. वळणावर टेम्पो आला आणि डाव्या पायावरून गेला. सरकारी दवाखान्यात गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

पोलिसांच्या कागदात ड्रायव्हर रमेश, लायसन चालू. शेठचा विमा चालू. बायको जागेवर हजर, पण तिनं काही पाहिलं नाही. हिरामणचाही जबाब तोच, रमेश चालवत होता. साहेबांनी त्या कागदांवरून दावा लावला. मला म्हणाले, "केस फार सरळ आहे, सुमनबेन. जरा जाऊन बघून या."

सरळ केस म्हटलं की मी दुप्पट खोदायची.

मी अपघाताच्या जागी जायची ती त्याच वेळेला, ऊन तेच, रहदारी तीच. वळणावर एका भैय्याची चहाची टपरी होती. चहा घेता घेता विचारलं, तुम्ही होतात का हो त्या दिवशी? तो म्हणाला, रमेश तर इथंच बाकड्यावर बसून चहा पीत होता. आवाज आला तेव्हा त्याचा कप पडला, तो फुटका कपही त्यानं मला दाखवला. मग चालवत कोण होतं? ते त्यानं पाहिलं नव्हतं. पण एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जात नव्हती. म्हणाला, "वो औरत टेम्पो की तरफ ही देख रही थी, बहनजी. अचानक घूँघट खींचा और पीठ फेर ली. फिर धड़ाम."

चहा तसाच ठेवून मी उठले. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात काय आलं असेल? नवरा समोरून सायकलवर येतोय, टेम्पो येतोय, आणि बायको आधीच तोंड झाकून पाठ फिरवते. म्हणजे हिला आधीच ठाऊक होतं की काय? असल्या धंद्यात माणसाचं डोकं कुठं कुठं जातं बघा. वाटेनं मी त्या पोरीला मनातल्या मनात फासावर चढवून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीवर गेले. हिरामण खाटेवर, पायावर चादर. सुनंदा चुलीपुढे भाकरी थापत होती. मी गोड बोलत बोलत खोदत होते. टेम्पो कुठून आला, तू कुठं उभी होतीस, गाडीत कोण दिसलं? ती म्हणायची, काही दिखनं नही मावशी. बरं, हिरामणला राग यावा म्हणून रमेशला दोन शिव्या घातल्या, तर तो चादरीची दशी ओढत बसला. ज्याच्या गाडीखाली पाय गेला त्याचा राग नाही येत? ही गोष्ट मला आणखीच टोचायला लागली.

तेवढ्यात दाराबाहेर कुणीतरी खाकरलं.

सुनंदाचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. पदर हनुवटीपर्यंत खाली आला, ती भिंतीकडे वळली, आणि तव्यावरची भाकरी तिनं न बघताच उलटली. गोकुळ आत आला, भिंतीकडे बघत बघत कोपऱ्यातली बादली उचलली आणि गेला. तिच्याकडे नजरसुद्धा नाही टाकली.

अहो, हे मी आयुष्यभर केलेलं. माझ्याही जेठांपुढे, म्हणजे थोरल्या दिरांपुढे, मी असाच पदर ओढत आले. खान्देशातली बाई भर रस्त्यात असा पूर्ण पदर ओढून पाठ फिरवते ती दोघांसाठी, सासरा नाहीतर जेठ. सासरा गावाकडे होता.

मी नळावर जाऊन गोकुळला गाठलं. बादली भरत होती, तो पाण्याकडे बघत होता. मी एवढंच विचारलं, "हॉर्न दिला होतास का रे?"

बादली भरून वाहायला लागली तरी त्यानं नळ बंद केला नाही. मग म्हणाला, "दिधा, मावशी. घरमा जाताना खाकरस, तसा दिधा. ती समोर उभी दिखनी. धाकला भाऊनी बायको शे, तिनाकडे कसा देखू? मी नजर फिराई लिधी."

नजर फिरवली. आणि हिरामणची सायकल तिच्या बाजूनंच येत होती. तिनं जेठाचा मान राखून पाठ केली, त्यानं भावजयीचा मान राखून नजर वळवली, आणि दोघांच्या मधे हिरामण आला. मी या धंद्यात दारू प्यालेले पाहिले, झोपलेले पाहिले, पैज लावून गाडी पळवणारे पाहिले. पण दोन माणसं रीतीनं वागली म्हणून तिसऱ्याचा पाय गेला, हे तेवढं एकदाच.

पुढचं त्यानं सांगितलं ते असं. मिलच्या आवारात आणि आसपास रमेश चहाला बसायचा आणि चाक गोकुळच्या हाती द्यायचा. गोकुळकडे लायसन नव्हतं. अपघात झाल्यावर शेठ धावत आला आणि त्यानंच समजावलं, की तुझं नाव आलं तर तू तुरुंगात जाशील आणि तुझ्या भावाला विम्याचं काही मिळणार नाही. रमेश उभा राहिला तर सगळे वाचतील. दवाखान्यात हिरामणनं मान हलवली. आणि एकदा घरातल्या पुरुषांनी ठरवलं म्हटल्यावर सुनंदानं काही पाहिलंच नाही.

शेठ एवढा दयाळू का झाला, हा संशय मला तिथंच आला.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, या लोकांनी कारण नसताना खोटं बोलून ठेवलं. शेठनं गाडी लायसनवाल्या ड्रायव्हरच्या हाती दिली आणि त्यानं शेठच्या माघारी दुसऱ्याला बसवलं, तर त्यात शेठनं विम्याची अट मोडली असं होत नाही, कंपनीला द्यावंच लागतं. वरच्या कोर्टानं तसं सांगून ठेवलेलं आहे. पण रमेशला चहाच्या टपरीवर पाहणारा साक्षीदार कंपनीच्या वकिलानं आणला, तर अख्खा दावा बनावट ठरेल आणि हिरामण हात हलवत घरी जाईल. "खऱ्यानं वाचेल तो," साहेब म्हणाले, "पण मी कुणाला पढवणार नाही. खोटंही नाही आणि खरंही नाही. बोलायचं त्यांनी."

मी परत गेले, समजावलं. हिरामण ऐकेना. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "मना पाय गया, मावशी. आते भाऊले बी गमाडू का?" गोकुळ दाराबाहेर बसून ऐकत होता. सुनंदा भांडी घासत होती, तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, संपलं.

तारीख लागली. आणि व्हायचं तेच झालं, कंपनीच्या वकिलानं टपरीवाल्या भैय्याला शोधून काढलं होतं. भैय्यानं कप फुटल्याचंसुद्धा सांगितलं. हिरामण कुबड्यांवर आला होता. मग त्या वकिलानं मागणी केली, बायको जागेवर होती, तिला उभं करा.

सुनंदा पिंजऱ्यात उभी राहिली. गोकुळला मी ओढून आणलं होतं, पण तो आत येईना, बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर खाली मान घालून बसला. मी दारात उभी, एक डोळा आत, एक बाहेर. वकिलानं रमेशकडे बोट केलं आणि विचारलं, हाच चालवत होता का? ती गप्प. मग कोण चालवत होतं? गप्प. हिरामण खाली फरशीकडे बघत होता. वकील म्हणाला, "साहेब, बाई लपवतेय. अपघातच यांनी मिळून रचलाय."

तेव्हा सुनंदानं हात वर नेला, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि भिंतीकडे वळली.

वकील म्हणाला, बघा, तोंडसुद्धा लपवलं. मी देवाचं नाव घेतलं. पण न्यायाधीशसाहेब वलसाडकडच्या खेड्यातले, पिकल्या केसांचे. त्यांच्या घरातही सुना असतील. त्यांनी वकिलाला हातानं बसवलं, लेखणी खाली ठेवली आणि हळू विचारलं, "बेन, लाज कोनी काढी?" म्हणजे बाई, पदर कुणासाठी ओढलास?

पदराच्या आतून एकच शब्द आला. "जेठनी."

"त्या दिवशी पण त्यांचीच?"

पदर खालीवर हलला.

न्यायाधीशांनी शिपायाला सांगितलं, जेठाला बोलवा. गोकुळ आत आला तो रडतच. ती एका भिंतीकडे तोंड करून, तो दुसऱ्या भिंतीकडे, आणि मधे न्यायाधीश. पण सगळं सांगितलं त्यानं, हॉर्नपासून शेठपर्यंत. हिरामणनं तोंडावर हात घेतला होता.

पुढे निकाल आमच्या बाजूनं लागला, कंपनीला द्यावं लागलं. गोकुळवर केस झाली, त्यानं गुन्हा कबूल केला, दंडावर सुटला. तुरुंगाची एवढी जी धास्ती घेतली होती ती फुकटच. रमेशला चौकीत खोटं बोलल्याबद्दल बरेच हेलपाटे पडले.

आणि शेठ? तो शपथेवर म्हणाला, गोकुळ गाडी चालवतो हे मला ठाऊकच नव्हतं. त्याच्या त्या एका वाक्यावर हिरामणची भरपाई उभी होती, कारण मालकाला ठाऊक असून त्यानं चालू दिलं असतं तर कंपनीनं वर्षानुवर्षं तोच मुद्दा धरून ठेवला असता, आणि पैसे शेठच्याच मानगुटीवर बसले असते. भैय्या मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, रोज वही चलाता था, सेठ के सामने. कोर्टात त्याला हे कुणी विचारलं नाही. मी साहेबांना म्हटलं, शेठ साफ सुटला. साहेब म्हणाले, "ते विचारणं कंपनीच्या वकिलाचं काम होतं." खरंच होतं ते. तरी तो शेठ पांढऱ्या कपड्यात कोर्टाच्या पायऱ्या उतरून गेला, ते मला अजून खुपतं.

त्या दिवसाची एक गोष्ट मात्र मी साहेबांनाही सांगितली नाही. कोर्ट उठलं, खोली रिकामी झाली. मी आत गेले आणि सुनंदा उभी होती त्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिले. दाराकडे पाहिलं. मधे लोखंडी कपाट होतं, त्याच्यापुढे दाराची फळी. व्हरांड्यातलं बाक कुठूनच दिसत नव्हतं. वाकून पाहिलं, टाचा उंचावून पाहिलं, नाहीच. गोकुळ खाकरलाही नव्हता, मी त्याच्या जवळच होते. जेठाचं नाव नुसतं कानावर पडलं तरी पदर घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात, पण नाव तर तोवर कुणीच काढलं नव्हतं. मग तो पदर तिनं ओढला कुणासाठी?

घरच्या पुरुषांनी तोंड बंद ठेव म्हणून सांगितलं होतं. तोंड तिनं बंदच ठेवलं की.

पुढे हिरामणनं खोलीत मशीन टाकलं, साड्यांना लेस लावायचं काम घेतलं. एक पाय मशीनला पुरतो, असं तोच हसत सांगायचा. गोकुळनं टेम्पो सोडला आणि भावाच्या साड्यांचे गठ्ठे सायकलवर मार्केटात पोचवायला लागला. मी एकदा तिकडून जात होते, चहाला थांबले. हिरामण मशीनवर होता, मशीनचा खडखडाट चालू होता, म्हणून मी सुनंदाला हळूच विचारलं, "का गं, त्या दिवशी कोर्टात तुला ते दिसत होते का?"

तिनं चहा गाळता गाळता माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "मावशी, तुम्ही वकीलकडे कामले शेतस का पोलीसमा?"

तेवढ्यात दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. पदर हनुवटीपर्यंत खाली आला, आणि त्याच्या खालून एका हातानं कपबशी माझ्याकडे सरकली. आत ती हसत होती की नव्हती, ते मला आजही सांगता यायचं नाही.